गाडी हीट मारते

गाडी बंद पडली की लोक ढकलायला येतात आणि गाडी तापली की सल्ला द्यायला येतात. ढकलणारे निदान दमतात तरी.

आमची गाडी तीन सिलिंडरची आहे, वयाने आमच्या कन्येपेक्षा मोठी. सपाटीवर ती शहाण्यासारखी चालते. पण मे महिना, मागच्या सीटवर सासूबाई, डिकीत आंब्यांची पेटी आणि समोर खंबाटकीचा घाट असा योग जुळून आला की टेंपरेचरचा काटा ‘एच’कडे चालू लागतो. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना हा घाट चढावा लागायचा, परतताना बोगदा मिळायचा. म्हणजे सासुरवाडीला जाताना गाडी तापायची आणि तिथून निघाली की तापायची नाही. यावर मी आजवर एक अक्षर बोललेलो नाही, तरी घरात हा माझाच विनोद समजला जातो.

काटा चढू लागला की पहिला उपाय म्हणजे एसी बंद आणि हीटर फुल. हे शास्त्रशुद्ध आहे. हीटर हा एक छोटा रेडिएटरच, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी थंड करणारी जाळीच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. किंवा खरं सांगायचं तर आपल्या अंगावर सोडतो. “जावईबापू, एसीतून गरम येतंय,” मागून आवाज आला. “हो, मुद्दामच सोडलंय,” मी म्हणालो. यानंतर घाट संपेपर्यंत मागून काहीही आलं नसतं. पण घाट संपण्याआधी बोनेटच्या फटीतून वाफ आली.

खामजाईच्या देवळाजवळ गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं. उघडं बोनेट दिसलं की मराठी माणसाच्या आतला मेकॅनिक जागा होतो. एक बाइकवाले थेट नॅपकिन घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. त्यांना अक्षरशः कोपराला धरून मागे ओढलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. दुसऱ्यांनी हळद सुचवली. रेडिएटरला बारीक गळती असेल तर चमचाभर हळद टाकावी, ती भोकात जाऊन बसते. आमच्याकडे गळती नव्हती आणि हळदही नव्हती, त्यामुळे हा उपाय दोन्ही बाजूंनी बाद झाला. एका ट्रकचालकाने तेवढं शहाणपणाचं सांगितलं: “अर्धा तास हात लावू नका,” आणि तो चहा प्यायला गेला.

तेवढ्या अर्ध्या तासात एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला निदानाचा मूळ नियम शिकवला. गाडी सिग्नलला तापत असेल तर दोष फॅनचा, कारण उभ्या गाडीला वारा फक्त फॅनच देतो. पळताना तापत असेल तर दोष रेडिएटरचा किंवा वॉटर पंपाचा. नियम सुंदर आहे. पण घाटात वेग सिग्नलसारखा आणि भार पळतानापेक्षा जास्त, त्यामुळे तो इथे दोघांनाही लागू होतो. ते मला म्हणाले, “मग दोन्ही बदला.”

पुण्यात परतल्यावर शोध सुरू झाला. रेडिएटरवाल्याला रेडिएटर चोक दिसला. त्याने टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या फिरवल्या, आत साचलेला गाळ मला आदराने दाखवला आणि पैसे घेतले. गाडी तापली. इलेक्ट्रिशियनला फॅनचा स्विच मेलेला दिसला. “साहेब, डायरेक्ट करून देतो.” आता चावी फिरवली की फॅन सुरू, बाराही महिने, भर पावसातही. गाडी तरीही तापली. मला एवढं कळलं, की ज्याच्या दुकानात जे मिळतं तेच आपल्या गाडीत बिघडलेलं असतं.

मग नेहमीच्या गॅरेजचे मिस्त्री. त्यांनी रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला हात लावला, खालच्या होजला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, “थर्मोस्टॅट. काढून टाकतो. आपल्या हवेत लागतच नाही.” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तरीही तापली तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागेल, असं त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मी बायकोला बाहेर थांबायला सांगितलं. त्या रात्री मी हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पातळ सील, गेल्याची सगळी लक्षणं तपासली. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं नव्हतं. थंड इंजिन झाकण काढून चालू केलं, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले नाहीत. सायलेन्सरच्या धुराला गोडसर वास येतो का, हेही हुंगून पाहिलं. त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी खाली फिरत होते. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांचा नमस्कार हल्ली लांबूनच असतो.

काढलेला थर्मोस्टॅट मी घरी आणला होता. त्याच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगतं आणि झडप उघडतं, हे घरच्या घरी पाण्यात तापवून पाहता येतं. “कुठल्या पातेल्यात?” हा प्रश्न अपेक्षितच होता. रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेला कूलंट विषारी असतो, त्यामुळे हिच्या बाजूने विज्ञानही होतं. शेवटी रंगाचा जुना डबा मिळाला. थर्मामीटर ८२च्या जरा पुढे गेला आणि झडप अशी दिमाखात उघडली की आम्ही दोघं पाहतच राहिलो. थर्मोस्टॅट निर्दोष होता. शिक्षा मात्र भोगून झाली होती.

खरी खूण सापडली ती सकाळी, थंड गाडीत. वरचा होज दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला होता, कुणी चिमटीत धरल्यासारखा. शेजारची कूलंटची बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ (म्हणजे ०.९ बार दाब) लिहिलेलं असेल तर आतलं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. छोटी झडप गाडी थंड झाली की बाटलीत गेलेलं पाणी परत आत घेते. आमच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं आणि छोटी झडप चिकटली होती. चढावर दाब टिकत नव्हता, पाणी लवकर उकळून बाटलीत पळत होतं आणि एकदा गेलं की माघारी येत नव्हतं.

नवं झाकण डझनभर हापूसपेक्षा स्वस्त पडलं. दुकानदाराने “एवढंच?” असं विचारलं, तेव्हा मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढच्या फेरीत सासूबाईंना खंबाटकीत एसी मिळाला. पण डिसेंबरात आम्ही पहाटे महाबळेश्वरला निघालो, तर काटा तळातून हलेचना. हीटरमधून जेमतेम कोमट वारा येत होता आणि ॲव्हरेजही पडलं होतं. परत आल्यावर गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी वरच्या होजला हात लावला, खालच्या होजला हात लावला, डोळे मिटले आणि मग एकदम उघडले.

“साहेब, ह्याच्यातला थर्मोस्टॅट कुणी काढला?” ते म्हणाले. “असल्या अडाण्यांकडे गाडी देत जाऊ नका.”