आजीच्या ट्रंकेतला १८९४

आज जरा मोठं लिहिते आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात इतिहासाच्या तासाला ब्रिटिशांच्या जमीन धोरणाचा धडा संपला. मॅडमनी फळ्यावर जमीन महसुलाच्या तीन पद्धतींचे तीन रकाने आखले. कायमधारा, रयतवारी, महालवारी. कॉर्नवॉलिस १७९३ चा, मद्रासकडे थॉमस मन्रो, आपल्याकडे एल्फिन्स्टनच्या काळापासून रयतवारी. सगळं वहीत उतरवून झालं आणि घंटेला दोन मिनिटं असताना एक शेवटची ओळ आली: १८९४ चा भूसंपादन कायदा, सार्वजनिक प्रयोजनासाठी खासगी जमीन ताब्यात घेण्याचा सरकारला अधिकार. घंटा झाली. वर्ग उठला. मी बसून राहिले, कारण 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द मी आधी वाचले होते. पुस्तकात नव्हे, घरी.

आम्ही करावे गावचे. नेरूळ-बेलापूरच्या मधलं, खाडीला लागून असलेलं जुनं आगरी गाव. आजीच्या खोलीत पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्या तळाशी, लग्नातल्या लुगड्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद आहेत. लहानपणी ती पिशवी हातात घेतली की आजी ओरडायची, म्हणून त्यात काहीतरी मोलाचं असणार एवढंच ठाऊक होतं. त्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी तिला सांगून ते कागद काढले. घड्यांवर फाटलेत, कडा तपकिरी पडल्यात, एकावरचा शिक्का नुसता जांभळा डाग होऊन बसलाय. खिडकीत उजेडाला धरून तासभर वाचले.

पहिला कागद १९६८ चा. कुळकायद्याच्या कलम ३२ म चा दाखला. पणजोबा दुसऱ्याच्या ज्या पावणेदोन एकर जमिनीचं कूळ, म्हणजे कसणारे, होते, तिची ठरलेली किंमत हप्त्यांनी फिटली आणि ते मालक झाले, असं सांगणारा. दुसरा कागद १९७१ चा. भूसंपादन कायदा १८९४, कलम ९ ची नोटीस, म्हणजे सरकार जमीन ताब्यात घेणार असल्याची. तीच पावणेदोन एकर. तोच सर्व्हे नंबर. दोन तारखांमध्ये तीन वर्षं.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि रडले. खरं सांगते.

हे तीन वर्षांचं अंतर किती जड आहे ते मागे गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या भागात कसणारा एक आणि मालक दुसरा, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. अर्धं पीक खोताच्या खळ्यावर जायचं. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी संप पुकारला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. २५ गावांनी जमिनी कसायच्या थांबवल्या. एक-दोन हंगाम नाही, १९३९ पर्यंत! डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शेत असून पेरायचं नाही, पोरांना काय घालायचं ते जंगलातून नाहीतर खाडीतून आणायचं, आणि तरी मागे हटायचं नाही. शेतकऱ्यांचा इतका लांब संप मी दुसरा वाचलेला नाही. त्या रेट्यातून कूळ हा शब्द कायद्यात आला, पुढे १९४८ चा कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, ज्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मानीव खरेदीदार झालं, म्हणजे कायद्याने त्याने ती विकत घेतली असं धरलं गेलं. माझे पणजोबा त्यातलेच एक. सही येत नव्हती, पण हप्ते त्यांनी चुकवले नाहीत, असं आजी सांगते. मीठ वाहिलं, मासळी विकली, दाखला घेतला.

चरीचा संप मला शाळेत कुणी शिकवला नाही. बारडोली शिकले, चंपारण शिकले, आणि ते शिकायलाच हवं. पण समुद्रकिनाऱ्याने बघितलं तर चरी आमच्यापासून काही तासांवर आहे. जसईचं तेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठी आणि हक्कासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, ५ जण गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळामुळे आता सगळ्यांना माहीत आहे, पण त्या आंदोलनात नेमकी मागणी काय होती ते माझ्या वर्गातल्या नेरूळच्या, वाशीच्या, ऐरोलीच्या मुलांना विचारा. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा विकसित भूखंड, हा शब्द सगळ्यांना येतो, इस्टेट एजंटच्या पाट्यांवरून. तो त्या लढ्यातून आला हे माहीत नसतं. हा दोष मुलांचा नाही. आपण त्यांना सांगितलंच नाही.

आता त्या दुसऱ्या कागदाकडे येते.

१८९४ चा कायदा मी नंतर लायब्ररीत बसून वाचला. कलम ४ म्हणजे प्राथमिक अधिसूचना. कलम ६ म्हणजे जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी आहे हा जाहीरनामा. आणि याच कलमात लिहून ठेवलंय की जाहीरनामा हाच त्या प्रयोजनाचा निर्णायक पुरावा. म्हणजे सरकारने म्हटलं की ते सार्वजनिक, विषय संपला. मूळ कायद्यात जमीनवाल्याने हरकत घ्यायची सोयसुद्धा नव्हती, ती १९२३ मध्ये कलम ५ अ घालून आली. मोबदल्याच्या आकड्यावर कोर्टात जाता यायचं. 'हे सार्वजनिक कसं?' असं विचारायला जवळपास दारच नव्हतं. परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी केलेला कायदा, त्यात हे असणारच. पण स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, आणि हा कायदा १ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू होईपर्यंत जिवंत राहिला. वसाहतवादाचा शेवट कधी झाला, या प्रश्नाला परीक्षेत मी १९४७ लिहीन. माझ्या घरापुरतं मला ते पटत नाही.

गैरसमज नको. नवी मुंबई होऊ नये असं मी म्हणत नाही. मार्च १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, आणि त्याच शहराच्या कॉलेजात मी शिकते, त्याच्याच लोकलने जाते. माझ्या घरात माझ्याआधी कुठली मुलगी पंधरावीपर्यंत गेली नाही. हे शहर माझंही आहे. म्हणूनच मला विचारायचंय की त्या 'सार्वजनिक' शब्दात माझे पणजोबा धरले होते का.

कारण सार्वजनिक म्हणजे काय हे आमच्या गावाला चांगलं ठाऊक होतं. आमची शेती खारी होती. समुद्र बाहेर ठेवून केलेली जमीन. खाडीच्या कडेने मातीचा बांध, बांधात लाकडी झडपेची उघाडी. भरतीला पाण्याच्या दाबाने झडप मिटायची, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं. सगळा भात त्या झडपेच्या भरवशावर. उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी आत, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात धड पीक नाही. आजी सांगते, "खांड गेली का कोनी घरान रायाचा नाय. रात असूंदे, आवनी असूंदे, समदी बांधावर. कोनाचा शेत बुरतंय त्यो मंग बगाचा." टोपल्यांनी चिखल वाहून, रांगेने उभं राहून, पुढची भरती यायच्या आत बांध बंद करायचा. ज्याच्या घरचं माणूस आलं नाही त्याला गावकीत बोलणी खावी लागायची. ही गावकी कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती.

मोबदला ठरताना जमीन कागदावर 'खार' होती. क्षेत्र, आकार, सर्व्हे नंबर, धारकाचं नाव, सगळ्यांना रकाने आहेत. शंभर रात्री वाहिलेल्या चिखलाला रकाना नाही. फळ्यावरच्या त्या तीन रकान्यांतही नाही. मला इतिहास शिकताना जे टोचतं ते हेच. महसूल कुणी ठरवला हे पाठ होतं, जमीन कुणी केली हे कुणी विचारत नाही.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. कागदांचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल हातात घेऊन ते मोठे करून करून वाचले आणि म्हणाल्या, हे पुढच्या तासाला तू वर्गात सांग. सांगितलं. मग एक मुलगा म्हणाला, माझं आजोळ घणसोलीचं, आमच्याकडेपण अशी पिशवी आहे. तुर्भ्याच्या मैत्रिणीने घरी विचारलं तर कागद २००५ च्या पावसात गेले होते, पण तिच्या आजोबांना सर्व्हे नंबर अजून तोंडपाठ होता. आम्ही सहा जण आता दर रविवारी एकेका घरी जातोय. फोटो काढतो, म्हातारी माणसं बोलतात ते रेकॉर्ड करतो. तुमच्या घरी असे कागद असतील तर मला मेसेज करा. कागद तुमच्याकडेच राहतील.

काल आजीला घेऊन शेत कुठे होतं ते बघायला गेले. पाम बीच रोडच्या अलीकडे तिला काही म्हणजे काही ओळखू येईना. टॉवर, कंपाउंड, गाड्या. ती माझा हात धरून नुसती इकडे तिकडे बघत होती. मग आम्ही धारण तलावाच्या कडेला आलो. हे शहर भरतीच्या पातळीहून सखल जमिनीवर आहे, म्हणून पावसाचं पाणी आधी या तलावांत साठवतात आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्यात, भरतीला मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या. मला हे पुस्तकी माहीत होतं. ओहोटी लागली होती. आजी कठड्याला टेकून खाली बघत राहिली. पाणी झडप ढकलून बाहेर जात होतं.

"ही त उघारी हाय," ती म्हणाली.