‘५ व्होल्टला कसला शॉक?’ या दाव्याबद्दल

नोडएमसीयू (वाय-फायवर चालणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), चार रिलेंचं (म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचचं) मॉड्यूल आणि एक जुना मोबाइल चार्जर, एवढ्यावर स्विचबोर्ड ‘स्मार्ट’ करण्याचा उद्योग हल्ली बऱ्याच घरांत चालतो. त्यासोबत एक दावा फिरतो: ‘सगळं ५ व्होल्टवर चालतं, शॉक लागत नाही. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, म्हणजे गिझरही चालेल. आणि काही झालंच तर एमसीबी पडेल.’ मी स्वतः असे बोर्ड बनवतो, मुलांना शिकवतो. म्हणूनच हे ऐकलं की जीव खालीवर होतो.

ते ५ व्होल्ट येतात कुठून? २३० व्होल्टमधूनच. दोघांच्या मध्ये असतो चार्जरमधला नखाएवढा ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट बोर्डावर दोन बाजूंत मोकळी सोडलेली जागा. चांगल्या चार्जरमध्ये ही जागा पाच-सहा मिलिमीटर असते. अगदी स्वस्तातला उघडून बघा, काहींत एक-दोन मिलिमीटरही सापडत नाही. कव्हर काढून तो बोर्डात कोंबला की त्याच फटीत धूळ बसते, पावसाळ्यात ओल येते, मुंग्या घर करतात.

त्याहून वाईट म्हणजे कपॅसिटर लावून केलेला बिनट्रान्सफॉर्मरचा सप्लाय. त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर ५ व्होल्टच दिसतात, आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्यातलं एक टोक थेट मेनच्या तारेला जोडलेलं असतं. ती तार फेज निघाली, किंवा जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले, तर बाहेर काढलेल्या सेन्सरच्या वायरीत अर्थच्या तुलनेत २३० व्होल्ट असतात. अशा सर्किटचा प्लग लावलेला असताना प्रोग्रॅम टाकायला यूएसबी केबल जोडली, तर लॅपटॉपही थेट मेनला जोडला जातो. बाकी काही नाही तरी एवढं एक ऐका: प्रोग्रॅम टाकताना मेनचा प्लग काढलेलाच हवा.

‘मॉड्यूलवर ऑप्टोकपलर आहे ना?’ आहे, म्हणजे प्रकाशाने सिग्नल पुढे देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग. पण जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलला वेगळा सप्लाय देण्याच्या पिनचा) जंपर तसाच ठेवून एकच सप्लाय दोन्हीकडे दिला, तर त्या ऑप्टोकपलरने वेगळं काहीच राहत नाही. मेन अडवतं ते रिलेतल्या कॉइल आणि कॉन्टॅक्टमधलं अंतर.

आता १० अँपिअर. तो आकडा निळ्या रिलेचा आहे, तिच्याखालच्या तांब्याच्या पातळ पट्टीचा आणि स्क्रू टर्मिनलचा नव्हे. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, तोही सलग पंधरा-वीस मिनिटं. ३००० वॉटचा १३ घेतो. टाकीची मोटर सुरू होताना तर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका घरी असा बोर्ड उघडला. ॲपवर गिझर ‘ऑफ’ दिसत होता आणि नळाला वाफाळतं पाणी. रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले होते. टर्मिनलचं हिरवं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, जळका वास येत होता, आणि स्क्रू बोटाने फिरत होता. वायरीच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली दाबली होती. दिसायला नीटनेटकं, पण सोल्डर मऊ असतो. दाबाखाली हळूहळू पसरतो, पकड सुटते आणि सांधा तापू लागतो. त्या जागी लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिंप करायचा, म्हणजे दाबून पक्का बसवायचा.

एमसीबीवरचा भरवसा सर्वांत घातक, कारण तो मनापासून असतो. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, म्हणजे वायरिंग वाचवतो. माणसाच्या अंगातून ५०-१०० मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळताच वीज तोडणारा स्विच, आणि सोबत नीट अर्थिंग. तोही फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर पडणार नाही, म्हणून हात घालण्याआधी मेन बंद. ॲपवरचं ‘ऑफ’ चालणार नाही.

त्या नातेवाइकांकडे दिवे आणि पंखे रिलेवरच ठेवले, नवीन टर्मिनल लावून, फ्यूज घालून, बंद डब्यात. गिझर वायरमनकडून पुन्हा त्याच्या जुन्या १६ अँपिअरच्या स्विचवर नेला. आरसीसीबी बसवला. घरातल्या मुलाला खुर्चीवर उभं करून त्यावरचं ‘टी’ (टेस्ट) बटण दाबायला लावलं. खट्ट झालं, अख्खं घर अंधारात गेलं. आता दर महिन्याला ते बटण तोच दाबतो.