खाडा फक्त दूधवाल्याचा

सबस्क्रिप्शनचा खर्च आटोक्यात ठेवणं सोपं आहे. आधी तो बघणं बंद करा.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे मेसेज इमानेइतबारे येतो आणि कर्जाच्या दोन ऑफर्सच्या मधे अंग चोरून बसतो. बसू द्या बिचाऱ्याला. एकदा ऑटोपेला होकार भरला की १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपीही विचारत नाहीत. एवढी सोय सासुरवाडीतसुद्धा होत नाही.

सुरुवात ट्रायलने करावी. एक रुपयात सात दिवस. योगाचं ॲप असेल तर मुहूर्त १ जानेवारीचा. सातव्या दिवशी बंद करायचं म्हणून रिमाइंडर लावा, आणि तो वाजला की 'नंतर' दाबा. मी तेच केलं. गेली दोन वर्षं महिना २९९ रुपयांचं शवासन करतोय.

मोबाईलच्या रिचार्जबरोबर जे ॲप फुकट मिळतं, ते वेगळंही विकत घेऊन ठेवा. असावं घरात.

फारच मनाला लागलं तर ॲप फोनमधून उडवा. चित्र गेलं की खर्च गेल्यासारखं वाटतं. पैसे जायचे तसे जात राहतात. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा कप्पा असतो, तिकडे मात्र फिरकू नका. तिथलं रद्द करायचं बटण चक्क चालतं! त्यापेक्षा मूळ ॲपमध्येच शोधत बसा. रडका चेहरा दिसेल, 'खरंच सोडून जाताय?' विचारेल. 'थांबतो' हे ठसठशीत बटण, 'तरीही रद्द करा' मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत. केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावानिशी आहे. सापळा सरकारमान्य नावाचा म्हटल्यावर अडकायला लाज कसली?

काटकसर मात्र सोडायची नाही. ती दूधवाल्याकडे वसूल करावी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाड्याच्या दिवशी लाल फुली मारा आणि महिनाअखेरीला त्याला दारात उभा करा.

"दादा, चौदाचा खाडा धरला नाहीत."

"काका, चौदाला अर्धा लिटर दिलं होतं की."

"मग ही फुली काय मी हौसेने मारली?"

अर्ध्या लिटरचे पैसे वळते करूनच सोडा त्याला. तेवढ्यात फोन किणकिणेल : उद्या आपल्या खात्यातून १,४९९ रुपये... तो पालथा घाला. अजून पेपरवाल्याचे खाडे मोजायचेत.