मांडव घालणाऱ्या पोरांचेही आभार

आमच्या पेडण्यातल्या गोवा मुक्तिदिनाच्या सोहळ्यावरचा लेख वाचला. माजी सैनिकांचा सत्कार झाला, ऊर भरून आला. पण आदल्या रात्री जागून मांडव घालणारी, पहाटेपासून टोपाशी उभी राहून सगळ्यांना गरम पातळ भाजी नि पाव वाढणारी पोरंपोरी लेखात एका ओळीत आटोपली. त्यांचे मनापासून आभार!

आणखी एक. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांकडून अंजदीव बेट घेताना नौदलाचे ७ जवान धारातीर्थी पडले. वास्कोला आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर त्यांचे स्मारक आहे. तरी १९ डिसेंबरला आमच्या व्यासपीठांवर त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, याची खंत वाटते. पुढच्या वर्षी सत्काराआधी त्या सातजणांना मानवंदना द्यावी. हार-फुलांचे मी बघतो.