ब्रेन डेड रुग्णाचा हात हलला, म्हणजे तो जिवंत होता? एक खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय: ब्रेन डेड (मेंदूचं काम कायमचं थांबलेलं) ठरवलेल्या रुग्णाने हात उचलला, नर्सने ते पाहिलं, तरी अवयवांसाठी त्याला मृत घोषित केलं. मी आयसीयूत नर्स आहे. यातला निष्कर्ष चुकीचा आहे.

हात हलू शकतो, हे खरं. ती हालचाल मज्जारज्जूतून येते, तिला मेंदू लागत नाही. कधी दोन्ही हात छातीवर येतात. पाहणारा हादरतोच, नर्सेससुद्धा. कधी व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर रुग्णाने स्वतः श्वास घेतल्याची खूण उमटते. पण नळीत साचलेलं पाणी हललं किंवा हृदयाच्या ठोक्याने दाब किंचित बदलला, तरी मशीन त्यालाच श्वास समजतं. आमच्यातल्याही काहींचा इथे गोंधळ होतो.

म्हणून पक्की तपासणी असते. आधी झोपेच्या औषधांचा अंमल, उतरलेलं तापमान ही कारणं वगळतात. मग मेंदूकडून काही प्रतिसाद येतो का ते पाहतात: डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाश, कानात बर्फाचं पाणी, श्वासनलिकेत सक्शनची (कफ ओढायची) नळी. शेवटी ॲप्निया टेस्ट: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटरचे श्वास थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमी पाऱ्यापर्यंत चढू देतात. मेंदू काम करत असेल, तर इतक्या पातळीला तो श्वास घ्यायला लावतो. तरीही छाती हलली नाही, तरच मृत्यू घोषित होतो. प्रत्यारोपणाच्या टीमने हे निदान करायचं नसतं.

तो फिरणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. तो अशाच बेडशेजारी बसलेल्या एखाद्या आईच्या फोनवरही पोचतो. घरातल्या कुणाबद्दल शंका असेल, तर तपासणीच्या वेळी तिथे हजर राहता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.