गावाचा संघ लिलावात काढू नका

थंडी पडली की आमच्या नवी मुंबईत घणसोलीपासून दिवाळे गावापर्यंत गावागावाच्या कमानीवर क्रिकेटचे बॅनर चढतात. यंदा त्यातल्या बऱ्याच बॅनरवर 'प्रीमियर लीग' आणि 'भव्य खेळाडू लिलाव' आहे. आमच्या गावातल्या पोरांनीही तेच डोक्यात घेतलंय. मालक, संघ, बोली लावायला प्रत्येकाला ठरावीक पॉइंट, आणि पार बदलापूर-पनवेलपर्यंतचे खेळाडू बोलीवर. माझा याला विरोध आहे. तो इथे सविस्तर लिहितोय, कारण ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की कुणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकून विषय संपवतं.

आमच्या वडिलांच्या पिढीचं क्रिकेट भातशेतीच्या वेळापत्रकावर चालायचं. झोडणी उरकली की एखाद्या मोठ्या खाचराची धसकटं उपटायची, मधली पट्टी पाणी मारून चोपायची, झालं मैदान. ज्याचं शेत त्याच्या घरचा एक पोरगा संघात घ्यायचा, मग त्याला बॅट धरता येवो न येवो. बक्षीस बोकड. जिंकणाऱ्यांनी तो त्याच रात्री कापायचा आणि हरलेल्यांना जेवायला बोलवायचं. पंचाशी हातघाईवर आलेले दोघे रात्री एकाच पंगतीत तांदळाची भाकरी मोडायचे.

मग १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. १९८४ साली दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. शेतं गेली तशी ती मैदानंही गेली. आमची पिढी रिकाम्या प्लॉटवर खेळली. एका हंगामात जिथे आमची बाउंड्री होती, तिथे पुढच्या हंगामात बिल्डरचा पत्रा लागलेला असायचा. आता पोरं तासाच्या भाड्याने जाळीतल्या टर्फवर खेळतात.

आज गाव म्हणजे दोन सेक्टरांच्या बेचक्यात उरलेल्या चार गल्ल्या. अख्खं गाव एकत्र दिसतं ते गावदेवीच्या जत्रेला, कुणाच्या हळदीला आणि सामन्यांना. म्हणून या स्पर्धा मला खेळापेक्षा मोठ्या वाटतात.

चाळीस प्लसचे सामने बघा. सकाळी आधारकार्ड तपासताना जेवढी मजा येते तेवढी फायनललाही येत नाही. केसांना काळा रंग लावून आलेला माणूस आपण चाळिशी ओलांडल्याचं छातीठोकपणे सिद्ध करत असतो! गुडघ्याला पट्टा, खिशात बीपीची गोळी, आणि पहिल्याच चेंडूवर स्कूप. एक धाव घेताना दोघेही मध्येच थांबून एकमेकांकडे बघतात, तेवढ्यात कॉमेंट्रीवाला माइकवरून विचारतो, "काका, येताय की रिक्षा पाठवू?" हा कॉमेंट्रीवाला म्हणजे निम्मी स्पर्धा. त्याला प्रत्येक फलंदाजाचं गाव, आळी, सासुरवाडी पाठ. मध्येच तो एमएच त्रेचाळीसची पांढरी गाडी काढायला सांगतो, मध्येच कुणाच्या आजीच्या दशक्रियेची वेळ जाहीर करतो, आणि पुन्हा षटकाचा चौथा चेंडू. हल्ली हे सगळं यूट्यूबवर लाइव्ह जातं. दुबईत नोकरीला गेलेला पोरगा तिथून वडिलांची विकेट बघतो आणि रात्री फोन करून चिडवतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी दरवर्षीचं एक भांडण असतं. गावाचा खेळाडू कोण? जावई चालतो का? बहिणीचा मुलगा मामाच्या गावाकडून खेळू शकतो का, आणि खेळला तर बापाच्या गावाने काय करायचं? साताऱ्याहून माथाडी कामाला आलेलं कुटुंब वीस-पंचवीस वर्षं आपल्याच चाळीत भाड्याने राहतंय, पोरगा इथेच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, तर तो आपला की परका? माझं मत विचाराल तर तो आपला, शंभर टक्के. काही जुन्या मंडळींना हे पटत नाही. पण निदान देवळात बसून यावर तासन् तास वाद होतो, आरडाओरडा होतो, आणि शेवटी काहीतरी ठरतं. असंच ठरत ठरत मागच्या काही वर्षांत दोन-तीन भाडेकरूंची पोरं संघात आली, आणि मग त्यांच्या आया सामने बघायला यायला लागल्या.

लिलावात हा प्रश्नच उरत नाही. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचा खेळाडू. या वर्षी आपल्याकडून, पुढच्या वर्षी शेजारच्या गावाकडून आपल्याच विरुद्ध. आपल्या आळीतला, जेमतेम खेळणारा पण वर्षभर मैदानासाठी राबणारा पोरगा 'अनसोल्ड'. त्याने मग खुर्च्या लावायच्या का?

लीगवाल्यांचा मुद्दा मला माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची आयएसपीएल, म्हणजे इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, आपल्याच मैदानांवर वाढलेल्या गड्यांना लिलावात पैसे मिळाले. मिळायलाच पाहिजेत. ती पोटापाण्याची जागा आहे, तिथे लिलाव शोभतो. त्याची नक्कल गावदेवीच्या मैदानात कशाला?

आता आपल्याच बाजूचंही थोडं. सत्कार आवरा. एका स्पर्धेत शेवटच्या षटकात सात धावा हव्या असताना एक मान्यवर आले म्हणून खेळ थांबवला, शाल-श्रीफळ, भाषण, सेल्फी. गोलंदाजाचा खांदा गार पडला आणि सामना गेला. मान्यवरांना दोन डावांच्या मध्ये बोलवा, नारळ तेव्हाही फुटतो.

दुसरं म्हणजे, गावाचा संघ म्हणता आणि अर्धं गाव मंडपाच्या मागे भाकऱ्या थापतंय. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सारसोळे, करावे इथून हाकेच्या अंतरावर. आपल्या स्पर्धेत मात्र बायकांसाठी अजून पैठणीचा लकी ड्रॉ! मुलींचा एक सामना ठेवा, फायनलच्या दिवशी, भर दुपारी नको, संध्याकाळच्या चांगल्या वेळेत. आणि त्या दिवशी जेवण केटरिंगवाल्याला सांगा.

रविवारी आरतीनंतर देवळात मीटिंग आहे. लिलाव हवा असणाऱ्यांनी जरूर यावं, समोर बोलावं, मी पण बोलणार आहे. फक्त भाच्याचा विषय कुणी पुन्हा काढू नका, मागच्या वेळी त्यावरून रात्रीचा एक वाजला होता आणि पुजारीबुवांना कुलूप लावायचं होतं.