फराळात पॉवर बँक कशी लपवावी

दिवाळीचा फराळ अमेरिकेला धाडायला ऑक्टोबरात दादरच्या कुरिअरवाल्याकडे रांग लागते. त्या रांगेत शिरण्याआधी एक पक्कं करा: विमानाने माल पाठवायचे नियम दहशतवाद्यांसाठी असतात. तुम्ही पार्ल्याचे. आत काय आहे असं कुणी विचारलंच, तर आधी दुखावल्यासारखं बघायचं.

सामानाच्या रकान्यात 'घरगुती वस्तू' लिहा. सगळं सुटं सुटं लिहायला ती काय रुखवताची यादी आहे? नातवाची पॉवर बँक चिवड्याच्या पिशवीत खुपसा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला २०१६ पासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानातही त्या साधारणपणे ३० टक्क्यांच्या वर चार्ज केलेल्या चालत नाहीत. तुम्ही तर प्रेमाने फुल चार्ज करून दिलीय. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून उडालेलं एक मालवाहू जम्बो आतल्या मालाला आग लागून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा ढीग होता. तुमची एकच आहे. प्रत्येकाची एकच असते.

कापूरही टाका. ज्वलनशील म्हणे! अहो, तो पेटावा म्हणूनच तर पाठवतोय. फुलबाज्यांचं पाकीट तळाशी, साडीच्या घडीत.

बेसनाचे लाडू मात्र जाड स्टीलच्या डब्यात ठासून भरा. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारंगी दिसते, धातू निळा. बेसन नारंगी, आणि बहुतेक स्फोटकंही नारंगीच. त्यात तुमच्या डब्यापायी पडद्यावर नुसता काळानिळा गोळा उमटतो. मग सहार विमानतळावरच्या कार्गोतला मुलगा तुमची तीन पदरी चिकटपट्टी कापतो, डब्यावरून एक पट्टी पुसतो आणि स्फोटकाचा अंश शोधणाऱ्या यंत्रात सरकवतो. त्याला लाडवाची किंमत नाही, असं घरी येऊन सांगा. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या प्रिंटरच्या टोनरमध्ये बॉम्ब होता आणि इंग्लंडातल्या विमानतळावर पहिल्या झडतीत तो सापडलाच नव्हता, हे त्याला शिकवलेलं असतं. तुम्हाला कशाला हवंय?

आता घोषणापत्र. वाचू नका, सही ठोका. १९९६ साली फ्लोरिडात प्रवासी विमानात चढवलेल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यांच्या कागदावर 'रिकामे' लिहिलं होतं. ते भरलेले होते. ११० माणसं गेली. कागद मात्र पूर्ण भरलेला होता, सहीशिक्क्यासकट. आधारची झेरॉक्स भावजींची द्या, तुमची पुसट येते.

एवढं करूनही पार्सल परत आलंच, तर काउंटरवरच्या पोराला चार शब्द सुनवा आणि चिवडा सादळायच्या आत सोसायटीत अमेरिकेला कोण निघालंय ते शोधा. तिसऱ्या मजल्यावरचा एमएसला चाललाय. खोकं त्याच्या बॅगेत कोंबा, 'नुसता फराळ आहे रे' म्हणा. विमानतळावर त्याला विचारतील, बॅग स्वतःच भरलीत ना? तो हो म्हणेल. चांगल्या घरचा आहे.